फाटकावरच्या वानखेडे मावशी

कारखान्यातल्या माझ्या पहिल्या दिवशी मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : "आज भाजी कायची केली वं?"

मी म्हटलं, "आलू-मेथी."

"मेथी निवडली कोणी? तू का मायनं?"

"आईनं."

"अच्छा. मंग हात वर कर."

दोन हात गळ्यावरून, पाठीवरून, कमरेच्या निऱ्यांवरून फिरले. अंबाडा सोडायला लावला, त्यात बोटं घालून पाहिलं, पुन्हा बांधायला सांगितलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. "चल, हो पुढं." मागच्या बाईला तोच प्रश्न. तिच्या मागचीलाही तोच.

मला वाटलं, बाई गप्पिष्ट आहे.

आमचा कारखाना जबलपूरच्या टोकाला होता. तिथे दारूगोळा भरायचं काम चाले. मी ज्या बिल्डिंगमध्ये लागले तिथे चाळीस बायका होत्या. अर्ध्या आमच्यासारख्या, बाप नागपूर-वर्ध्याकडून नोकरीसाठी आलेला, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. उरलेल्या इथल्याच. बिल्डिंगमध्ये शिरताना अंगावर धातूचा कण असता कामा नये, हा पहिला नियम. काडीपेटी तर नाहीच, पण पिन, आकडा, बांगडी, जोडवी, नाणं, काही नाही. हा नियम मोडला गेला तर काय होईल हे कोणी समजावून सांगत नसे. बिल्डिंगच्या चारी बाजूंना मातीचे उंच बांध घातले होते. ते बांध पाहिले की ज्याचं त्याला समजायचं.

वानखेडे मावशी फाटकावर उभ्या राहायच्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईची झडती घ्यायच्या. कागदोपत्री त्या महिला दरबान. हिंदी बायका त्यांना मौसी म्हणत, आम्ही मावशी. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. ठेंगण्या, रुंद हाडाच्या, डोळे बारीक. नवरा याच कारखान्यात होता, तो टायफॉइडनं गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं. मुलगी एकच, शोभा, शाळेत जाणारी. "मलाच काहून इथं उभं केलं ठाऊक आहे?" त्या म्हणायच्या. "माह्या अंगावर उतरवायचं काही उरलंच नाही. साहेबाला वाटलं, ही बाई सोपी." हे त्या हसत सांगत आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे.

माझ्या चष्म्याच्या दांड्यांना बारीक स्क्रू होते. दुसऱ्या दिवशी मावशींनी ते काढायला लावले आणि त्या जागी पक्का दोरा ओवून दिला. पुढची सगळी नोकरी मी दोऱ्याच्या चष्म्यावर केली. नाकावर जरा तिरपा बसायचा, पण दिसायचं ठीक.

आमच्या आयांनी गावाकडे उन्हं पाहून दिवस काढले. सावली ओट्यावर आली की भाकरी, गाई परतल्या की दिवा. इथे आल्यावर सगळं भोंग्यावर आलं. पहिला भोंगा झाला की चूल पेटायची, दुसऱ्याला डबे भरायचे, तिसऱ्याला फाटक बंद. माझी आई भोंग्याला 'तो' म्हणायची, जसं काही घरातलं कडक माणूस. "तो वाजायच्या आत पोळ्या झाल्या पाहिजेत." पुरुषांचं हे आधीपासून चाललं होतं. बायका कामावर जायला लागल्यावर मात्र घरातली प्रत्येक गोष्ट हलली. पाणी कोण भरेल, पोराला कोण पाजेल, सणाला कोण सुट्टी देईल. हळदीकुंकवाचं तर अवघडच झालं. दुपारी चारला घरी असायला बाईच नव्हती.

मावशींनी तोडगा काढला. संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी, सुटीचा भोंगा झाल्यावर, फाटकाबाहेरच्या बाकड्यापाशी त्यांनी आम्हाला थांबवलं. "दोन लाइनी करा. पहिली लाइन दुसरीला कुंकू लावंल, मंग उलटं. वाण टोपलीत आहे, एकेकच उचला." बारा मिनिटांत सगळं हळदीकुंकू उरकलं. एका शिष्ट बाईनं विचारलंच, की विधवेनं हे करायचं असतं का. मावशी म्हणाल्या, "मी फक्त लाइन लावून राहिली, बाई. कुंकू तुमचं तुम्ही लावा. आता सरक पुढं, बस निघून जाईल." पुढे दर वर्षी तसंच होत राहिलं.

मंगळसूत्राचं भांडण याहून मोठं. फाटकाच्या आत एका फळीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्याला नंबराची कापडी पिशवी. आपलं मंगळसूत्र पिशवीत ठेवायचं, सुटताना परत घ्यायचं. पुष्कळ घरांत हे सांगितलेलंच नसे. एकदा एका बाईच्या सासूला कळलं आणि ती म्हातारी सकाळी थेट फाटकावर येऊन उभी राहिली.

"माझ्या सुनेचं मंगळसूत्र उतरवणारी तू कोण गं?"

मावशींचे हात झडतीत होते. वळूनही न पाहता म्हणाल्या, "आजी, आत बारूद आहे. बारुदीला सवाष्ण कळत नाही."

"पण उघड्या गळ्यानं दिवसभर..."

"उघडा गळा दिसून राहिला ना, तेच बरं. गळा तरी आहे."

म्हातारी बडबडत गेली. पण मावशींच्या डोक्यात ते राहिलं असावं. पुढच्या रविवारी त्या सराफ्याच्या गल्लीत गेल्या आणि दागिने ओवून देणाऱ्या एका पटव्याकडून नुसत्या काचेच्या काळ्या मण्यांची पोत करून आणली. सुती दोरा, गाठ, ना तार ना आकडा. ती त्यांनी फोरमनसाहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब बंगाली, कमी बोलणारे. त्यांनी पोत उजेडात धरली, दोन्ही हातांनी ताणली, म्हणाले, "इसमें तो कुछ नहीं है." मावशी म्हणाल्या, "यही तो बात है, साब." महिन्याभरात आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या लग्नाच्या बायकांच्या गळ्यात एकसारख्या पोती आल्या. सासवांची तोंडं बंद झाली.

भाजीच्या प्रश्नाचा उलगडा मला दोन वर्षांनी झाला. एकदा बस चुकली म्हणून मी मावशींच्या बाकड्यावर बसले होते. म्हटलं, "मावशी, तुम्हाला चाळीस घरच्या भाज्या लक्षात तरी राहतात का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "माह्याला काय करायचं तुमच्या भाज्यांचं? तोंडात काही असलं की शब्द लोळते. म्हणून बोलतं करते." मग त्यांनी सांगितलं. बायका साडी नेसताना पिन दातांत धरतात. घाईत नेसलं, भोंगा झाला, धावत सुटलं, की पिन तशीच गालात राहते आणि बाईला त्याची आठवणही नसते. अशा तीन पिना त्यांनी पकडल्या होत्या. "अंगावर हात फिरवता येते. तोंडात कोणाच्या हात घालू? भाजी विचारली का बाई दोन-चार शब्द बोलतेच. तुम्हा लोकांना वाटते मौसी प्रेमळ आहे."

मला त्या दिवसापासून त्या जास्त आवडायला लागल्या.

मग एकाहत्तरच्या लढाईची तयारी सुरू झाली. शिफ्टा लांबल्या, खिडक्यांना काळे कागद लागले, रविवार गेला. कच्ची, म्हणजे तात्पुरती, भरती सुरू झाली आणि फाटकावरची रांग दुप्पट झाली. त्या भरतीत इंदू आली. एकोणीस वर्षांची, नवीन लग्न झालेली, आमच्या बाजूच्या चाळीत सासूबरोबर राहायची. नवरा फौजेत ड्रायव्हर. लढाई सुरू व्हायच्या आधीपासूनच त्याची चिठ्ठी यायची थांबली होती. इंदू कामाला चांगली, हात स्वच्छ. पण हळूहळू बोलेनाशी झाली. बिल्डिंगमध्ये आठ-दहा तास शेजारी बसायची आणि 'हूं'च्या पलीकडे शब्द नाही. आम्ही समजून घेतलं. मावशींनीही समजून घेतलं. तिची पाळी आली की त्या हात फिरवत, पाठीवर एक थाप मारत आणि जाऊ देत.

आमच्यात शकुन नावाची एक जबलपुरी बाई होती, तोंडाळ. तिनं एकदा टोमणा मारला, "वाह मौसी, हमसे तो रोज़ तरकारी का हिसाब लेती हो. इंदू से काहे नहीं पूछतीं?"

"उसको रहने दे," मावशी म्हणाल्या. "उसके घर में चूल्हा कहाँ ठीक से जल रहा है."

आणखी काही दिवस गेले. इंदू दुपारी डबा उघडत नाही हे कोणीतरी मावशींच्या कानावर घातलं. दुसऱ्या सकाळी मावशी झडतीला उभ्या राहिल्या त्या कागदात मेथीचा लाडू बांधून. थंडी कडक होती. तीसेक बायका आत गेल्या होत्या. इंदूची पाळी आली, माझी तिच्यानंतर तिसरी.

"हा खा आधी," मावशी म्हणाल्या. "माह्यासमोर. मंग आत जा."

इंदूनं मान हलवली.

"नाही काय? खा म्हणते ना. अर्धा तरी."

इंदूनं तोंड आणखी घट्ट मिटलं. मावशींचा लाडू धरलेला हात तसाच हवेत राहिला. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गालाकडे. लाडू बाकड्यावर ठेवला आणि तळहात तिच्या हनुवटीखाली धरला.

"काढ."

इंदूनं तोंडातून मंगळसूत्राची एक वाटी काढून त्या तळहातावर ठेवली. सोन्याची, लहानशी, ओली.

"कवापासून?"

"अकरा दिवस."

"काहून वं?"

"मावशी, त्या काळ्या मण्यांत सोनं नाही," इंदू म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. "सोनं उतरवलं आणि तिकडं त्यांना काही झालं तर? म्हणून वाट्या काढून घेतल्या. नुसती साखळी पिशवीत ठेवत होते. दोन्ही गालात दोन."

मावशींनी तिला बोल लावला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "दुसरी कुठं आहे?"

इंदू रडायला लागली. "काल घरी गेल्यावर पाहिलं तर नव्हती. घरी पडली असंल. सगळं घर शोधलं..."

मावशी वळल्या. फाटकाच्या खांबाला आगीची घंटा टांगलेली होती. आजवर ती फक्त कवायतीच्या दिवशी वाजलेली. साहेबांच्या हुकुमाशिवाय तिला हात लावायचा नाही असं तिच्याखालीच लिहिलं होतं. मावशींनी दोर धरला आणि बडवायला सुरुवात केली.

आतल्या बायका बाहेर धावत आल्या, हातातलं काम जागच्या जागी टाकून, शिकवल्याप्रमाणे. मागोमाग फोरमनसाहेब, अंगात कोट अर्धाच. त्यांना वाटलं आग. आग नाही हे कळल्यावर ते जे भडकले तसं मी आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. "मौसी, लड़ाई चल रही है! पता है एक घंटे में कितना काम रुकता है?"

"साब, सोने का एक टुकड़ा अंदर हो सकता है. कहाँ है, मालूम नहीं."

"हो सकता है! हो सकता है के लिए घंटा बजा दिया?"

"ये औरतें मैंने अंदर भेजी हैं," मावशी म्हणाल्या. "गिनकर. पहले गिनकर बाहर आएँगी. फिर आप डाँटना."

आणि खरोखरच त्या बाहेर आलेल्यांना मोजायला लागल्या, साहेबांकडे पाठ करून.

शोध सुरू झाला. जमीन ओल्या फडक्यानं पुसली, बारूद ठासायची दाबयंत्रं एकेक उघडली, कचऱ्याची पेटी चाळली. आम्ही बांधाच्या बाहेर गवतावर उभ्या. प्रत्येकीच्या मनात एकच, की काल दिवसभर मी कुठे बसले होते. मावशी इंदूला बाजूला घेऊन खोदून खोदून विचारत होत्या. काल शेवटी कधी दोन्ही वाट्या जिभेला लागल्या? दुपारी? संध्याकाळी? मग काय केलं? उठलीस, मग? हात धुतलेस, मग?

"मग जोडे बदलायला वाकले," इंदू म्हणाली. "तिथं शिंक आली होती."

आतले जोडे वेगळे असत, रबरी, बिनखिळ्याचे. ते दाराशी मांडणीत ठेवून आम्ही बाहेरच्या चपला घालत असू. मावशींनी निरोप पाठवला, जोडे झटका म्हणावं. इंदूच्या डाव्या जोड्याच्या चवड्यातून वाटी निघाली. म्हणजे ती यंत्रांच्या जागेपर्यंत पुन्हा गेलीच नव्हती. काल संध्याकाळपासून जोड्यात निजून होती.

फोरमनसाहेब ती वाटी घेऊन बाहेर आले, मावशींच्या बाकड्यावर बसले आणि पाणी मागितलं. सबंध तांब्या प्यायले. मावशींनी लाडूचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. साहेबांनी तो लाडू खाल्ला. हसू नये अशा वेळी मला हसू आलं. माझ्या शेजारची शकुन तर गवतावर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती.

पुढे एका शिकलेल्या माणसानं मला सांगितलं, की सोन्यानं ठिणगी पडत नाही. मी त्याला विचारलं, दाबयंत्राखाली बारुदीत सापडलं असतं तर? तो म्हणाला, ते सांगता येणार नाही. मग मावशींनाही सांगता येत नव्हतं, म्हणूनच त्यांनी घंटा वाजवली.

त्याच दिवशी रिपोर्ट लिहायचा होता. मावशींना लिहिता येत नसे. त्या सांगत होत्या आणि बाबू लिहून घेत होता. त्या म्हणाल्या, "लिखो, झडतीवाली ने ग्यारह दिन इस लड़की को बोलने नहीं लगाया. दया खाकर छोड़ दिया."

बाबूनं पेन थांबवलं. "मौसी, ये लिखवाओगी तो नौकरी जाएगी."

"तो क्या लिखोगे? कि लड़की बदमाश है? लिखो जो हुआ."

चौकशी बसली. ते आठ-नऊ दिवस मावशी घरी होत्या. शोभा तेव्हा नववीत, आणि कारखान्याचं क्वार्टर नोकरीबरोबरच जाणार होतं. मी एकदा जाऊन आले. मावशी अंगणात गोधडी शिवत बसल्या होत्या, शेजारी बांधाबांध केलेल्या दोन ट्रंका. "गेली तर गेली," म्हणाल्या. "पण एक सांगू? झोप चांगली लागून राहिली. ती वाटी जोड्यात सापडली नसती तर लागली नसती."

या दिवसांतच लढाई संपली. निकाल आला तो असा : मावशींना लेखी ताकीद आणि काम पुन्हा फाटकावरच. फोरमनसाहेबांनी लिहून दिलं होतं, की चूक झाली पण घंटा वेळेवर वाजली. मावशींनी ताकीदपत्र बाबूकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे. त्यांच्याच शब्दावरून इंदूला काढलं नाही. तिला पेट्या ठोकायच्या शेडमध्ये टाकलं. तिथे हातात हातोडा आणि सगळीकडे खिळेच खिळे, मंगळसूत्र घालायला कोणाची आडकाठी नाही. जानेवारीत तिचा नवरा रजेवर आला. धट्टाकट्टा, उलट वजन वाढलेलं. तो लढाईभर कुठल्याशा छावणीत बटाट्यांची गाडी हाकत होता. चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, त्या सगळ्या एकदम त्याच्या मागून आठ दिवसांनी आल्या.

मावशी मात्र त्यानंतर बदलल्या. त्यांनी परत कोणालाही सूट दिली नाही. आमच्यातल्या एकीचे वडील वारले आणि ती दहा-बारा दिवसांनी कामावर आली. मावशींनी विचारलं, "भाजी कायची केली?"

"मावशी, बाप गेला माझा."

"माहीत आहे बाई. भाजी सांग."

ती म्हणाली, "पिठलं केलं." आणि तिथेच तिला रडू फुटलं. मावशींनी तिचं रडणं होईपर्यंत रांग थांबवली, मग हात वर करायला सांगितलं. कोणीतरी म्हणालं, किती कठोर बाई आहे. मला मात्र रोज त्या फाटकातून आत जायचं होतं आणि संध्याकाळी बाहेर यायचं होतं.

मावशी रिटायर झाल्या तोवर मी सुपरवायझर झाले होते. हार, नारळ, फोटो हे सगळं ऑफिसात झालं. नंतर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "एक काम आहे. मला आत नेतेस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं फाटकावर उभ्या राहूनही मावशींनी बिल्डिंग आतून कधी पाहिलीच नव्हती. दरबानाला आत जायची मुभा नसे, आणि त्यांनी कधी मागितली नव्हती. मी परवानगी काढली. नव्या दरबान बाईनं त्यांची रीतसर झडती घेतली, जोडे बदलले आणि त्या आत आल्या.

मला वाटलं होतं, त्या यंत्रं पाहतील. यंत्रांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बायका मान खाली घालून काम करत होत्या, त्यांच्यावरून त्यांनी एकदा नजर फिरवली. मग विचारलं, "दारं किती?"

"सहा."

"बाहेर उघडतात?"

"हो, सगळी बाहेर. धक्का दिला की उघडतात."

माझ्या सांगण्यावर त्या थांबल्या नाहीत. पहिल्या दारापाशी गेल्या आणि तळहातानं ढकललं. उघडलं, उन्हाचा पट्टा आत आला. ते ओढून घेतलं. दुसऱ्यापाशी गेल्या. एकेक करत सहाही दारं त्यांनी स्वतः ढकलून पाहिली. कामावरच्या पोरी बघत होत्या, म्हातारी काय करून राहिली म्हणून. सहावं दार उघडल्यावर मावशींनी ते मिटलं नाही. "बरं आहे," म्हणाल्या, आणि त्याच दारातून बाहेर पडून बांधाकडेनं फाटकाच्या दिशेनं चालत गेल्या, हात पाठीमागे बांधून, सावकाश.

दुसऱ्या आठवड्यात त्या शोभाकडे शहपुऱ्याला राहायला गेल्या.